क्लब बदलत राहणारा स्ट्रायकर म्हणजे फेल?

पुण्यात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड केलेला मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, ज्या स्ट्रायकरने (म्हणजे गोल करणं हेच ज्याचं मुख्य काम) सात-आठ क्लब बदलले त्याला सगळीकडून हाकललेलं असतं. यादी बघून तसं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेकदा कारण वेगळंच असतं.

एक तर करारच कित्येकदा एक-दोन वर्षांचा असतो, तो संपला की खेळाडू मोकळा, नव्या क्लबला ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू घेण्यासाठी जुन्या क्लबला मोजायचे पैसे, द्यावी लागत नाही, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसरीकडे बोलणीही करू शकतो. शिवाय लोन असतं, म्हणजे करार मूळ क्लबशीच पण सीझन दुसरीकडे खेळायचा, यादीत मात्र तोही वेगळा क्लब दिसतो. कधी खरंच काढलेलं असतं, ते नाकारत नाही.

तपासायचं कसं? करिअरचा तक्ता उघडा, लोनच्या ओळी बाजूला काढा, मग नुसते गोल मोजू नका, मिनिटांना गोलने भागा. 900 मिनिटांत 5 गोल म्हणजे 180 मिनिटांना एक, 2700 मिनिटांत 9 म्हणजे 300 ला एक, म्हणजे पाचवालाच सरस! पेनल्टीवरचे गोल वगळा, लीग कुठल्या दर्जाची तेही बघा. आणि मुलाला स्ट्रायकर व्हायचं असेल तर हा तक्ता त्याच्यासोबत बसूनच बघा.