21व्या दिवसाची प्रोजेस्टेरॉन टेस्ट सगळ्यांसाठी नसते

अंडं फुटलं की नाही हे बघायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी करतात. त्यासाठी पाळी सुरू झाल्यापासून "एकविसाव्या दिवशीच रक्त द्यायचं" असं कोथरूडपासून हडपसरपर्यंत बायका एकमेकींना सांगतात, पण हे फक्त 28 दिवसांची सायकल असेल तरच बरोबर आहे. प्रोजेस्टेरॉन वाढतं ते ओव्ह्युलेशन झाल्यावर, म्हणजे अंडं फुटल्यावर, आणि साधारण सात दिवसांनी सगळ्यात जास्त असतं, म्हणजे पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी. आता जिची पाळी 35 दिवसांनी येते तिचं अंडं फुटतंच मुळी 21व्या दिवसाच्या आसपास, मग तिनी त्याच दिवशी टेस्ट केली तर आकडा कमीच येणार ना, आणि ती बिचारी "माझं अंडंच तयार होत नाही" म्हणून रडत बसते, खरंच जीव तुटतो. तिनी 28व्या दिवशी जायला हवं. पाळी अगदीच अनियमित असेल तर सोनोग्राफीत अंडं फुटलेलं दिसल्यावर सात दिवसांनी, नाहीतर डॉक्टर दर आठवड्याला रिपीट करायला सांगतात.

एफएसएच, एलएच (अंडाशयाला चालना देणारे हार्मोन्स) यांची टेस्ट मात्र पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, आणि पहिला दिवस म्हणजे नीट ब्लीडिंग सुरू झालं तो, नुसता डाग दिसला तो नाही. एएमएच (अंड्यांचा साठा किती ते सांगणारी टेस्ट), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) कधीही चालतं. लॅबच्या फॉर्मवर पाळीची तारीख लिहाच, नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही.