रेडिओमीटरची चक्री प्रकाशाच्या दाबाने फिरत नाही
विज्ञान प्रदर्शनात ठेवतात तो क्रुक्सचा रेडिओमीटर: काचेचा गोळा, आत एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने चकचकीत अशी चार पाती. ऊन पडलं की चक्री गरगर फिरते. ‘हा प्रकाशाचा दाब,’ असं आजही सांगतात. सुरुवातीला खुद्द क्रुक्सलाही तसंच वाटलं होतं.

पण पाती नीट बघा. चकचकीत बाजू प्रकाश परतवते, म्हणजे तिला जवळजवळ दुप्पट रेटा बसायला हवा. प्रत्यक्षात मागे हटते ती काळी बाजू! ती जास्त तापते, आणि गोळ्यात उरलेली विरळ हवा तिला ढकलते, विशेषतः कडांपाशी. तीही पुरती उपसली, तर चक्री थांबते.

प्रकाशाचा दाब खराच आहे, १९०१ साली लेबेदेव यांनी तो मोजून दाखवला. पण वातावरणाबाहेरच्या उन्हातही काळ्या पृष्ठभागावर तो चौरस मीटरला जेमतेम ४.५ मायक्रोन्यूटन भरतो.