फुटबॉलच्या पाठीमागचा विमानतळ

घरात फुटबॉल नाही असं गोव्यात सहसा होत नाही. तो घ्या, खडूने गोव्याची खूण करा आणि बरोबर उलट्या बाजूला दुसरी. मग दोन खुणांमध्ये दोरा ताणा. वरून न्या, खालून न्या, आडवा न्या. लांबी तेवढीच भरते. पृथ्वीवर ही लांबी सुमारे २०,०१५ किलोमीटर आहे, आणि गोव्याची उलटी खूण पॅसिफिक महासागरात, नुसत्या पाण्यात पडते. तिथून त्यातल्या त्यात जवळचा विमानतळ साडेतेराशे किलोमीटरवर: चिलीच्या ईस्टर बेटावरचा मातावेरी. बेट चिमुकलं, पण धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, कारण स्पेस शटलला अडचणीत उतरता यावं म्हणून नासाने १९८०च्या दशकात ती वाढवून घेतली. शटल तिथे कधी उतरलंच नाही.

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी ते मातावेरी हवाई अंतर साधारण १८,६५० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर ती आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका ओलांडून जाते. चेंडूवरचा दोरा मात्र गोव्यातून जवळपास सरळ दक्षिणेला सुटतो, हिंदी महासागर उतरतो, अंटार्क्टिकाच्या बर्फावरून जातो आणि पलीकडून वर चढून बेटावर पोचतो. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरली की असा घोळ होतोच.

ताशी ८५० किलोमीटरने भागलं की बावीस तास येतात. कागदावर! आजची मध्ये न थांबणारी सर्वांत लांब नियमित विमानसेवा सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटरची आहे. त्यापुढे इंधन पुरवायचं कसं? आणि अंटार्क्टिकावर इंजिन बिघडलं तर उतरायचं कुठे? म्हणून मुंबई किंवा दिल्ली, मग युरोप, मग चिलीचं सांतियागो, आणि तिथून पॅसिफिकवर आणखी ३,७५० किलोमीटर. या शेवटच्या टप्प्यात जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे परतीचा प्रवास लवकर उरकतो.

यात एक गंमत आहे. ठिकाण चेंडूच्या जवळपास पाठीमागे असलं की वाकडी वाट फारशी महाग पडत नाही. गोवा ते ईस्टर बेट मध्ये एकच थांबा घ्यायचा ठरवला, तर तो जगात कुठेही घ्या, एकूण अंतर २१,४०० किलोमीटरच्या पुढे जात नाही. सांतियागोमार्गे तर ते जेमतेम १९,७०० भरतं. म्हणजे वेळ खाल्ला जातो तो किलोमीटरमध्ये नाही, तर पुढच्या विमानाची वाट बघत खुर्चीवर पेंगण्यात. प्रवासाला दोन दिवस सहज लागतात.

जवळच्या प्रवासातही हेच. दाबोळी ते मुंबई हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटर, भागाकार अर्ध्या तासाचा. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं असतं, कारण त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं आणि मुंबईवर घिरट्या हे सगळं धरलेलं असतं.

आणि दाबोळी ते मोपा, म्हणजे गोव्याचाच दुसरा विमानतळ? हवेतून चाळीस किलोमीटर. पण विमान मोपाहून आहे हे ज्याला दाबोळीजवळच्या वास्कोत पोचल्यावर कळतं, त्याच्यापुढे जुवारी, मांडवी असे पूल आणि साठेक किलोमीटरचा रस्ता असतो. मोपा ज्या पेडण्याच्या पठारावर आहे त्यापेक्षा त्याला त्या घटकेला ईस्टर बेट जवळचं वाटतं.