मुळाशी गडद, टोकाशी फिकट

लांब केसांची एक बट उजेडात धरून पाहिली, तर ती मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाची क्वचितच असते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढत असल्यामुळे ३६ सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे ३ वर्षे जुने असते आणि तेवढा काळ सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातील मेलॅनिन (केसाला रंग देणारे द्रव्य) हळूहळू नष्ट केलेले असते. सोनेरी आणि तपकिरी यांच्या मधली ‘ब्रॉन्ड’ छटा नैसर्गिक वाटते, कारण तीही मुळाशी गडद आणि टोकाकडे फिकट होत जाते. अशी छटा आणण्यासाठी फ्रान्समध्ये रूढ झालेल्या बालायाज पद्धतीत मुळे सोडून ब्रशने हातानेच फिकट पट्टे ओढतात. त्यामुळे नवा केस वाढला तरी सीमारेषा उठून दिसत नाही आणि कित्येक महिने मुळांना हात लावावा लागत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती केसाच्या आत. केस फिकट करताना, म्हणजे ब्लीच करताना, अमोनियामुळे केस फुगून वरचे खवले उघडतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करते. काळा-तपकिरी युमेलॅनिन लवकर हार मानतो, लालसर-पिवळा फिओमेलॅनिन मात्र चिवट असतो. शिवाय केराटिन हे प्रथिन मुळातच फिकट पिवळसर असते. म्हणून काळा केस थेट सोनेरी न होता आधी विटकरी, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळा होतो. हा नारिंगीपणा निळ्या आणि पिवळेपणा जांभळ्या टोनरने, म्हणजे नको असलेली झाक मारणाऱ्या हलक्या रंगाने, झाकतात. पण ब्लीचमुळे वरचे स्निग्ध आवरण गमावलेल्या सच्छिद्र केसांतून टोनर काही आठवड्यांतच धुऊन जातो. देखभाल कमी लागते ती मुळांची. छटेची निगा घ्यावीच लागते, आणि हे पार्लरमध्ये आधीच स्पष्ट सांगितले जायला हवे.

म्हणूनच आपल्याकडच्या काळ्याभोर केसांसाठी मधाळ तपकिरी छटेवरच थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ब्लीच जितके कमी, तितके केराटिनमधले गंधकाचे बंध शाबूत राहतात. टोनरमध्ये किंवा रंगात पीपीडीसारखे (ॲलर्जी आणू शकणारे रंगरसायन) घटक असतील, तर ४८ तास आधी त्वचेवर पॅच टेस्ट करावी. भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असू शकतात आणि पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग झाला की केस तापून तुटू शकतो; तेव्हा पूर्वी मेंदी लावली असल्यास ते आधी सांगावे आणि मागच्या बाजूची एक बारीक बट कापून तिच्यावर ब्लीचची चाचणी करून घ्यावी.