झोपलाय म्हणजे दुखत नाही?

"निवांत झोपलाय, बीपी नॉर्मल आहे, म्हणजे दुखत नाही. सिस्टर उगाच किती दुखतंय याचा शून्य ते दहा आकडा विचारत बसतात." आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेल्या माणसाच्या खाटेशी, रत्नागिरी असो की कुडाळ, हे वाक्य कानावर येतंच. ते चुकीचं आहे.

दुखणं अचानक उठलं की नाडी आणि रक्तदाब वाढू शकतात, पण शरीर जुळवून घेतं आणि कळ तशीच असताना आकडे खाली येतात. उलट ताप किंवा नुसत्या भीतीनेही नाडी धावते. झोपेचं म्हणाल, तर थकलेला माणूस दुखत असतानाही झोपतो. म्हणून रुग्ण सांगेल तेच दुखणं, असं परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं.

पण आमच्याकडचे आजोबा सांगतील तर ना! "काय एक नाय, बरा आसा," म्हणायचं आणि कूस बदलताना खाटेची दांडी घट्ट धरायची. म्हणूनच जाणती सिस्टर "खोकताना, उठताना किती?" हेही विचारते. ऑपरेशननंतर दुखण्याच्या धाकाने माणूस खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. औषध दिल्यावर पुन्हा विचारतात, तेही उतार पडला का हे कळावं म्हणून. लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. बोलू न शकणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हालचाल पाहतात.