मंगळावर वसाहत : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

मराठीत ‘वसाहत’ म्हटलं की दोन वेगळी चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत, औद्योगिक वसाहत यांतलं. रस्ता, नळ, वीज, ओळीने घरं, सकाळी कामाला निघालेली माणसं. दुसरं इतिहासाच्या पुस्तकातलं. कुणीतरी समुद्रापलीकडून आलं, निशाण रोवलं आणि जमीन त्याची झाली. माणसाने मंगळावर वसाहत करावी का, या प्रश्नात हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले आहेत. तिथे राहता येईल का, हा एक प्रश्न. ती जागा आपली म्हणायचा हक्क कुणाला, हा दुसरा. गेल्या दीडशे वर्षांत पहिल्यावर अमाप डोकं चाललं आणि दुसरा दर वेळी मागे पडला. या कल्पनेचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

सुरुवात १८७७ची. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असॅफ हॉल यांना ऑगस्टमध्ये त्याचे दोन्ही चंद्र सापडले. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जोव्हान्नी स्कियापरेल्ली मंगळाचा नकाशा काढत होते. त्यांना पृष्ठभागावर काही रेघा दिसल्या आणि त्यांनी त्यांना ‘कानाली’ म्हटलं. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ चर, ओघळ, पाण्याची वाट असा काहीही होतो, पण इंग्रजीत त्याचं ‘कॅनल’ झालं, म्हणजे खणलेला कालवा. सुएझ कालवा सुरू होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. कालवा आला म्हणजे तो खणणारे हातही आलेच.

बॉस्टनचे श्रीमंत गृहस्थ पर्सिव्हल लोवेल यांना या कालव्यांनी झपाटलं. १८९४ साली त्यांनी अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या पैशाने वेधशाळा बांधली आणि मरेपर्यंत मंगळाचा पिच्छा सोडला नाही. त्यांची मांडणी अशी होती : मंगळ पृथ्वीपेक्षा लहान, म्हणून लवकर निवला आणि लवकर म्हातारा झाला. तिथलं पाणी आटत चाललं, तेव्हा तिथल्या शहाण्या रहिवाशांनी ध्रुवांवरच्या बर्फाचं पाणी कोरड्या मुलखात आणायला ग्रहभर कालवे खणले. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, म्हणजे डार्विनच्याच काळात स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतापर्यंत पोहोचलेल्या निसर्गशास्त्रज्ञाने, १९०७ साली वयाच्या ८४व्या वर्षी याला उत्तर लिहिलं. मंगळावर ऊन किती पडतं, हवा किती विरळ असेल, याचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की ग्रह गोठलेला असणार. शिवाय उघड्या कालव्यातून पाणी सोडलं तर शंभर मैलांच्या आतच ते उडून किंवा मुरून जाईल. दोन वर्षांनी पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून युजीन अँटोनियाडी यांनी पाहिलं, तर त्या सरळ रेघांच्या जागी नुसते विस्कळीत डाग होते.

कालवे गेले, पण लोवेलची एक सवय मागे राहिली. मंगळ म्हणजे आधी पाण्याचा आणि मग अभियांत्रिकीचा प्रश्न, पुरेशी हुशारी असली की ग्रह दुरुस्त करता येतो, असं बघण्याची ही सवय. आजच्या आराखड्यांतही ती मला जागोजागी दिसते.

रशियातल्या कालुगा गावचे शाळामास्तर कॉन्स्टंटिन त्सियोलकोव्हस्की यांनी १९०३ साली अग्निबाणाचं मूळ समीकरण प्रसिद्ध केलं. पृथ्वी हा मानवजातीचा पाळणा आहे, पण कुणी जन्मभर पाळण्यात राहत नाही, हा त्यांचा विचार पुढे अंतराळप्रेमींच्या तीन पिढ्यांना पुरला. आकडेमोडीसह पहिला खरा आराखडा मात्र वेर्नर फॉन ब्राउन यांचा. हिटलरच्या जर्मनीसाठी त्यांनी व्ही-२ क्षेपणास्त्र तयार केलं होतं. ते ज्या भूमिगत कारखान्यात बनत होतं तिथे छळछावणीतल्या कैद्यांना राबवून हजारोंचा जीव घेतला गेला. अंतराळप्रवासाच्या गोष्टीत हे पान सहसा उलटून पुढे जातात, म्हणून मुद्दाम लिहितो. युद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यात, टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिसला असताना त्यांनी मंगळमोहिमेचा हिशेब लिहिला आणि १९५२ साली तो जर्मनमध्ये छापला गेला. १० यानं, ७० माणसं, जाऊन येऊन पावणेतीन वर्षांच्या आसपास. उतरायला भलेमोठे पंख असलेली ग्लायडर विमानं. पहिलं ग्लायडर ध्रुवाजवळच्या बर्फावर घसरत उतरेल, त्यातली माणसं गाड्यांतून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर तुडवत विषुववृत्तावर जातील आणि बाकीच्यांसाठी धावपट्टी तयार करतील.

या सगळ्यात गृहीत होतं ते एकच : पंखांना पेलेल इतकी हवा. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या बाराव्या भागाइतका असेल, असा तेव्हाचा अंदाज होता.

तो १९६५ च्या जुलैमध्ये कोसळला. मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने २२ छायाचित्रं टिपली. एक चित्र पृथ्वीवर पोहोचायला आठेक तास लागत होते. पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना तेवढा धीर निघेना. त्यांनी यानाकडून येणाऱ्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्याप्रमाणे रंगीत खडूने हाताने रंगवत बसले. दुसऱ्या ग्रहाचं यानाने जवळून घेतलेलं पहिलं चित्र माणसाने असं बालवाडीतल्या मुलासारखं रंगवून पाहिलं. मला ही हकीकत फार प्रिय आहे. पण चित्रांत जे दिसलं ते उदास करणारं होतं. विवरंच विवरं, चंद्रासारखी. हवेचा दाब ४ ते ७ मिलिबार, पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. फॉन ब्राउनची ग्लायडर तिथे दगडासारखी पडली असती. उघड्यावर ठेवलेलं पाणीही तिथे टिकत नाही.

मंगळ मेला, असं अनेकांनी ठरवून टाकलं. मग १९७१ मध्ये मरिनर-९ त्याच्याभोवती फिरू लागलं. ग्रहभर उठलेलं धुळीचं वादळ ओसरल्यावर त्याला प्रचंड ज्वालामुखी, हजारो किलोमीटर लांबीची दरी आणि, हे पाहायला लोवेल असायला हवे होते, वाळलेल्या नद्यांचे मार्ग दिसले. पाणी कधीकाळी वाहिलं होतं, मात्र ते कुणी खणून आणलेलं नव्हतं. १९७६ मध्ये व्हायकिंगच्या दोन यानांनी उतरून मातीत जीव शोधला. एका प्रयोगाने हो म्हटल्यासारखं केलं, बाकीच्यांनी साथ दिली नाही, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मातीतल्या रसायनांचा परिणाम मानला.

राजकारणाचा भाग थोडक्यात उरकतो, कारण त्यात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. चंद्रावर माणूस उतरल्यानंतर १९६९ मध्येच मंगळाचा प्रस्ताव अमेरिकी सरकारपुढे गेला. निक्सन यांनी त्याऐवजी स्पेस शटल निवडलं. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी पुन्हा घोषणा केली. खर्चाचा अंदाज ५०० अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि अमेरिकी काँग्रेसने हात आखडले. याला उत्तर म्हणून रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या अभियंत्यांनी १९९० मध्ये स्वस्तातला मार्ग सुचवला : परतीचं इंधन पृथ्वीवरून न्यायचंच नाही, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तिथेच मिथेन बनवायचा. ही कल्पना खरोखर बुद्धिमान आहे. पण त्याच झुब्रिन यांनी मंगळाला अमेरिकेचा नवा ‘फ्रंटियर’ म्हटलं, पश्चिमेकडे सरकत गेलेल्या गोऱ्या वस्तीची सरहद्द. त्या सरहद्दीपलीकडे आधीपासून माणसं राहत होती आणि त्यांचं काय झालं, हे वसाहत भोगलेल्या देशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

राहता येईल का, याची सर्वांत बोलकी परीक्षा मंगळावर नाही, अ‍ॅरिझोनातच झाली. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं ‘बायोस्फिअर-२’ नावाच्या, सुमारे तीन एकरांच्या सीलबंद काचघरात शिरली. आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेत, शेळ्या, कोंबड्या. दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही, असा बेत होता. महिने गेले तसा आतला प्राणवायू उतरू लागला आणि २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. माणसं धापा टाकू लागली. शेतात भरलेल्या कसदार मातीतले जीवाणू प्राणवायू खात होते, हे एक कारण. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी घेऊन प्राणवायू परत द्यायला हवा होता, पण तो मधल्या मध्ये बांधकामाचं काँक्रीट शोषून घेत होतं. हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं माजली, माणसांचे दोन तट पडले. दार उघडलं की पृथ्वी होती, म्हणून सगळे सुखरूप बाहेर आले. मंगळाहून निघायचं तर ग्रहांची जुळणी दर २६ महिन्यांनी येते, आणि त्यानंतरही प्रवासाचे सहा ते नऊ महिने उरतातच.

ग्रहच बदलायचा, म्हणजे हवा दाट करून तो उबदार करायचा, हा विचार खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९७०च्या दशकात मांडला आणि १९९१ मध्ये ख्रिस्तोफर मॅके आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित केलं. २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी यानांनी जमवलेली माहिती तपासून सांगितलं की हाती लागण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तरी तो पुरणार नाही. दरम्यान बाकीचे हिशेबही येत गेले. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट नावाचं रसायन सापडलं. ते थायरॉइडला बाधतं, म्हणजे पीक घ्यायच्या आधी माती धुवायला हवी. क्युरिऑसिटी या मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीने जाताना वाटेतला किरणोत्सार मोजला : नुसत्या जाण्यायेण्यात सुमारे ०.६६ सिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं हे माप), तर नासाने अंतराळवीराला आयुष्यभरासाठी घातलेली मर्यादा ०.६. पर्सिव्हिअरन्स या तशाच दुसऱ्या गाडीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने मंगळाच्या हवेपासून प्राणवायू करून दाखवला, ही मोठी गोष्ट झाली. १६ वेळा चालवून एकूण मिळाला १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास लागतो. शिवाय मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, आणि त्यात एकही गर्भ आजवर वाढलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वसाहतीबद्दल बोलताना हा प्रश्न इतका मागे कसा राहतो, हे मला समजत नाही. तिथे जन्मणाऱ्या मुलाने कुठल्याही अर्जावर सही केलेली नसेल.

तरीही स्वप्न विरलं नाही, उलट ते सरकारांकडून कंपन्यांकडे आलं. इलॉन मस्क यांनी २००२ मध्ये स्पेसएक्स काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथे त्यांनी ४० ते १०० वर्षांत मंगळावर दहा लाखांचं शहर उभं करायचा बेत सांगितला. पृथ्वीवर महासंकट आलं तर माणूस दुसरीकडे शिल्लक राहावा, हे त्यांचं कारण. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१३ मध्ये, ‘मार्स वन’ ही डच संस्था एकमार्गी प्रवासाचे अर्ज मागवत होती. हौशी लोकांनी ते भरलेही. २०१९ मध्ये तिच्या कंपनीचं दिवाळं निघालं. मस्क यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण किरणोत्साराने भाजलेली, उल्का पडलेली पृथ्वीसुद्धा मंगळापेक्षा राहायला सोपी असेल. तिच्यावर हवा असेल.

आपला भारत या गोष्टीत वेगळ्या वाटेने आला. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात कक्षेत पोहोचलं. खर्च सुमारे ४५० कोटी. सहा महिन्यांसाठी बनवलेलं ते यान आठेक वर्षं टिकलं. ज्या पीएसएलव्ही अग्निबाणावरून ते गेलं त्याच्या मोटरांची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात आणि विकास इंजिनं विक्रोळीला, गोदरेजमध्ये. आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ बुलढाण्याच्या लोणारला येतात, कारण बेसॉल्ट खडकात आघाताने झालेलं इतकं शाबूत विवर पृथ्वीवर क्वचितच आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच. तिथे न राहताही मंगळ जाणून घेता येतो, याचं हे आपल्या अंगणातलं उदाहरण.

आता हक्काचा प्रश्न. १९६७च्या बाह्य अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर वा ग्रहावर मालकी सांगता येत नाही, कब्जाने नाही आणि वापरानेही नाही. खासगी कंपन्यांच्या कामाचीही जबाबदारी त्यांच्या देशावर आहे. दुसऱ्या ग्रहांवर घातक संसर्ग होऊ नये, असंही त्यात लिहिलेलं आहे. पण २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना अंतराळात खणून काढलेल्या साधनसंपत्तीची मालकी देणारा कायदा केला. मस्क यांच्याच स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेटच्या सेवाशर्तींत मंगळ हा ‘मुक्त ग्रह’ असून पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारची सत्ता त्यावर चालणार नाही, असं कलम घातलं गेलं. २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प यांनी मंगळावर अमेरिकेचा झेंडा रोवायची भाषा केली. इतिहासाच्या पुस्तकातली वसाहत पुन्हा बोलू लागली ती अशी.

मंगळावर माणसं नाहीत, तेव्हा कुणावर अन्याय होणार, असं विचारलं जातं. सेगन यांचं मत होतं की तिथे जीव असेल, नुसते सूक्ष्मजंतू का असेनात, तर मंगळ त्यांचा. आपण त्याला हात लावू नये. मलाही तसंच वाटतं, आणि त्याला एक साधं व्यावहारिक कारणही आहे. यान निर्जंतुक करता येतं, माणूस करता येत नाही. आपण उतरलो की आपले अब्जावधी जीवाणू उतरले. त्यानंतर तिथे जे सापडेल ते मूळचं की आपण नेलेलं, हे ठरवणं फार अवघड होईल. म्हणून आधी उत्तर, मग पाऊल.

उत्तर कदाचित दूरही नाही. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सने जेझेरो विवरातल्या एका प्राचीन नदीच्या पात्रात ठिपक्याठिपक्यांचा खडक खोदला. पृथ्वीवर असे ठिपके पुष्कळदा सूक्ष्मजंतूंमुळे पडतात. जीवसृष्टीची ही संभाव्य खूण असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने जाहीर केलं. खात्री करायची तर तो नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. नमुने परत आणण्याच्या मोहिमेचा अंदाज ११ अब्ज डॉलरवर गेल्यावर ती खोळंबली. खडकाचा तो तुकडा बोटाएवढ्या धातूच्या नळीत सीलबंद होऊन अजून मंगळावरच आहे.