शुक्रवारची मॅच आणि मावळणारा सूर्य

अमेरिकेतल्या छोट्या गावात शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या फुटबॉलची मॅच असते आणि गावचं एएम केंद्र तिचं धावतं वर्णन ऐकवतं. श्रोते सर्वांत जास्त असतात ते याच वेळी, आणि आवाज गावापासून सर्वांत कमी अंतरावर अडखळतो तोही याच वेळी.

एएम म्हणजे आपली मीडियम वेव्ह. दिवसा तिच्या लहरी जमिनीलगत जातात आणि वर गेलेल्या लहरी आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, खालचा थर शोषून घेतो. अंधार पडला की तो थर विरतो, मग त्याच लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. २९ मार्च १९४१ च्या फ्रिक्वेन्सींच्या फेरवाटपात अमेरिकेची स्थानिक केंद्रं १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० किलोहर्ट्झ या सहा जागांवर बसवली गेली. आज प्रत्येक जागेवर शंभराहून जास्त केंद्रं आहेत. रात्री ती सगळी एकमेकांवर आदळतात आणि गावापासून काही मैलांवरच नुसती गुरगुर ऐकू येते. सुरुवातीची २५० वॅटची मर्यादा पुढे १,००० वॅट झाली, पण ती सगळ्यांचीच वाढल्यामुळे रात्रीचा गोंधळ होता तसाच राहिला.

'डेटायमर' केंद्रांचे हाल याहून वाईट. त्यांना सूर्यास्ताला प्रक्षेपण बंदच करावं लागे. परवान्यात प्रत्येक महिन्याची वेळ पाव तासाच्या हिशेबात लिहिलेली असते. नोव्हेंबरात ती पाचच्या आसपास येते, मॅच सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

खेळ मात्र रेडिओवर पहिल्यापासून होता. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून ५ ऑगस्ट १९२१ रोजी हॅरॉल्ड आर्लिन यांनी बेसबॉल सामन्याचं वर्णन केलं. संगीत एफएमकडे गेल्यावर एएमला बोलण्याचाच आधार उरला. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन १९८७ मध्ये चोवीस तास खेळाला वाहिलेलं केंद्र झालं, १९९२ मध्ये ईएसपीएन रेडिओ आला, आणि दिवसभर निवेदक न परवडणाऱ्या गावांना उपग्रहावरून तयार कार्यक्रम मिळू लागले. जाहिराती आणि शुक्रवारची मॅच एवढंच गावचं राहिलं. पण केंद्राला गावात ओळख मिळते ती त्या मॅचमुळेच.

या केंद्राचं अर्धं यंत्र जमिनीखाली असतं. १२४० किलोहर्ट्झला पाव तरंगलांबीचा मनोरा साधारण ६० मीटर उंच लागतो. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो, कारण अख्खा मनोराच अँटेना असतो. त्याच्या पायथ्यापासून तांब्याच्या १२० तारा चहूकडे पुरतात, प्रत्येकी तेवढ्याच लांबीच्या, म्हणजे एकूण सात किलोमीटरहून जास्त. नांगराने किंवा चोरीने यांतल्या काही तारा गेल्या तर केंद्र बंद पडत नाही, पल्ला तेवढा मुकाट्याने घटतो. पायथ्याच्या अँपिअरमीटरचा आकडा नेहमीपेक्षा सरकला, तर आधी तारा तपासाव्यात.

मैदानावरून आवाज आणताना मोबाइलच्या डेटावर भिस्त ठेवू नये. गर्दी जमली की तोच टॉवर तुंबतो. म्हणून जाणकार मंडळी तारेची लाइन किंवा ४५० मेगाहर्ट्झचा जुना 'मार्टी' ट्रान्समीटर हाताशी ठेवतात, आणि प्रेक्षकांच्या आवाजासाठी वेगळा माइक निवेदकांच्या खोलीच्या खिडकीबाहेर लावतात.

२००९ मध्ये एएम केंद्रांना २५० वॅटपर्यंतच्या एफएम ट्रान्सलेटरवरून, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम एफएमवर पुन्हा ऐकवणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरवरून, आपलाच कार्यक्रम ऐकवायची परवानगी मिळाली. डेटायमरना ही मुभा रात्रीही आहे. अट एकच: गेल्या चोवीस तासांत एएम प्रक्षेपण झालेलं असलं पाहिजे. त्यामुळे रात्रीची मॅच लोक एफएमवर ऐकत असले, तरी तो मनोरा दिवसा चालू ठेवावाच लागतो.